आडवा मुलूख, उभी चौकट

पिशोरहून नागापूरकडे निघालं की उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरलेली दिसते. माथे सपाट, कड्यांत काळ्या पाषाणाचे थर एकावर एक, पायथ्याला मका, कपाशी, अद्रक. या मुलखाची मूळ रेघच आडवी आहे. त्याचे फोटो मात्र आज बहुतेक उभे निघतात, कारण रीलची चौकट उभी. तिच्यात रांगेचा जेमतेम एक तुकडा मावतो. उरलेली जागा वर ढगांनी आणि खाली डांबरी रस्त्याने भरायची. कन्नड तालुक्यातल्या प्रवासी छायाचित्रणाचं आजचं दुखणं इथेच कळतं.

साधनांची वाण नाही आणि नियमांचीही नाही. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ याने १७९७ साली निसर्गचित्रासाठी मांडलेला तृतीयांशाचा नियम आता मोबाईलच्या पडद्यावरच आखून येतो. क्षितिज मधोमध नको, नजर आत नेणारी वाट हवी, पुढ्यात एखादं झाड किंवा दगड हवा, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण पुढ्यातला दगड कशासाठी, हे कोणी विचारत नाही. नियम उरला, त्यामागचं कारण हरवलं.

ते कारण याच डोंगरांत एकाने हाताने जोखलं होतं. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आला आणि पुढे कॅमेऱ्याकडे वळला. वेरूळ-अजिंठ्याची त्याची छायाचित्रं वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांतल्या एका ग्रंथात शंभर स्टिरिओ चित्रं होती. स्टिरिओ चित्र म्हणजे किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली जोडी. जवळ काही नसेल तर दोन्ही चित्रं जवळपास सारखीच दिसतात आणि खोली जाणवत नाही. तिथे अग्रभाग ही शोभा नव्हती, गरज होती. शिवाय त्या काळी छायाचित्राच्या एकेका काचेमागे इतका खटाटोप असे की कुठे उभं राहायचं हे आधीच ठरवावं लागे. आता आधी चाळीस फोटो काढायचे आणि निवड घरी जाऊन करायची.

दुसरा टप्पा आकाशातून आला. गोपाळ बोधे यांनी किल्ले आणि किनारे हवेतून टिपले. उद्धव ठाकरे यांचं हवाई छायाचित्रांचं पुस्तक ‘महाराष्ट्र देशा’ २०१० साली आलं. उंचावरून सरळ खाली पाहिलं की क्षितिज जातं आणि नकाशा उरतो. गडाची तटबंदी डोंगराच्या अंगाने कशी वळते, हे त्यातून मराठी वाचकाला प्रथमच इतकं लख्ख दिसलं. ड्रोनवाल्यांनी ती उंची घेतली, ते कुतूहल घेतलं नाही.

वेरूळला कैलास लेण्याचा फोटो बहुतेक जण वरच्या कड्यावरून घेतात. अखंड डोंगर वरून खाली कोरत नेला, हे तिथून उत्तम कळतं. पण देवळाचा भार पाठीवर घेतलेले जोत्याचे हत्ती तिथून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी अंगणात उतरून मान वर करावी लागते. दोन्ही फोटो खरे आहेत, फक्त एक खोदकामाबद्दल बोलतो आणि दुसरा वजनाबद्दल. आपल्याला काय सांगायचंय हे ठरवणं, म्हणजेच रचना. पितळखोऱ्याची लेणी कोरणाऱ्या कारागिरांना ते ठाऊक होतं. विहाराच्या जोत्याशी ओळीने उभे केलेले हत्ती पाहा. एकच आकार पुन्हापुन्हा आणून नजर पुढे सरकवत नेण्याचा हा धडा तिथे दोन हजार वर्षांपासून उघडा आहे.

आणखी एक दुखणं ऋतूचं. गौताळा अभयारण्याचे फोटो म्हणजे पावसाळ्यातले धबधबे आणि धुकं. वर्षातले उरलेले आठ महिने या भागाला जणू चेहराच नाही. खरं तर पानगळ झाली की डोंगराची हाडं दिसू लागतात: थर, घळी, पायवाटा, उन्हाने कापल्यासारख्या सावल्या. हिरवाई सुखावते, पण तीच सगळं झाकूनही टाकते. दुष्काळी प्रदेशाचं चित्र चारच महिन्यांवर उभं करणं ही रचनेतली चूक नव्हे, सांगण्यातली लबाडी आहे.

उपाय खर्चिक नाहीत. रुंद भिंग लांबची रांग ठेंगणी करतं. त्याऐवजी दूरचं भिंग लावा, म्हणजे मागचे डोंगर एकमेकांना बिलगून उभे राहतात. चार पावलं मागे जा, बांधावर बसा, विजेची तार चौकटीबाहेर ठेवायची की मुद्दाम आत घ्यायची ते ठरवा. पिशोर-कन्नडच्या पोरांना एवढंच सांगणं: यंदा वैशाखात, दिवस कलताना, मोबाईल आडवा धरून एकच फोटो काढा. तो का काढला हे एका वाक्यात सांगता आलं, तरच ठेवा.