डूलाली : एका विशेषणाचा ताप

इंग्रजीत ‘डूलाली’ असं एक विशेषण आहे. ब्रिटनमध्ये बोलताना कानावर येतं, पुस्तकात फारसं नाही. अर्थ, डोकं फिरलेला. हा शब्द म्हणजे आपल्या कसारा लाइनीच्या पुढची देवळाली. (‘ळ’ त्यांना झेपत नाही, रेल्वेच्या पाटीवरही तो टिकला नाही, ते सोडा.) रूळ १८५३ ला ठाण्यात आले, १८५४ ला कल्याणला, १८६५ ला थळ घाट चढून इगतपुरीला. त्याच वाटेने गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत जाऊ-येऊ लागले.

नोकरीची मुदत संपलेल्यांना तिथे ठेवत. घरी नेणारी जहाजं मुंबईहून साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची. ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली, तो महिनोन्‌महिने बसून. काम नाही, सोबतीला दारू आणि हिवताप. कुणी विचित्र वागला की त्याला ‘डूलाली टॅप’ झाला म्हणायचे. फ्रेझर आणि गिबन्स यांच्या १९२५ च्या सैनिकी शब्दसंग्रहात ही जोडी आहे. पुढे ‘टॅप’ गळाला, गाव उरलं.

‘टॅप’ म्हणजे ताप, ज्वर, असं कोश सांगतात. व्युत्पत्ती म्हणून ते बरोबर, पण आम्हाला अपुरं वाटतं. मराठीत ‘डोक्याला ताप’ही असतो. सोल्जरने तो अर्थ आपल्याकडून उचलला असा आमचा दावा नाही. पण बोटीची वाट बघून पिचलेल्या माणसाला तोच जास्त लागू पडतो.

खरी हरकत वेगळी आहे. देवळालीची हवा चांगली म्हणून मुंबईकरांनी तिथे सॅनेटोरियमं काढली. दोष जहाजांच्या वेळापत्रकाचा आणि माणसं अडकवून ठेवणाऱ्या लष्कराचा. विशेषणाने तो गावाच्या नावावर मांडला.

आणि इंग्रजांना हसायला आपण मोकळे नाही. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे आपणच म्हणतो ना? पुण्याकडे येरवडा, लंडनला बेडलम, रीत एकच. डूलालीतला सैनिक बोटीत बसून घरी गेला, १९७४ मध्ये बीबीसीने देवळालीच्या छावणीवर विनोदी मालिकाही काढली. त्या विनोदाने आज कुणाचं अडत नाही. ठाण्याच्या विनोदाने अडतं. मनोरुग्णालयाच्या ओपीडीला निघालेलं डोंबिवलीचं एखादं कुटुंब लोकलमध्ये ओळखीचं कुणी भेटलं, की ‘मावशीकडे चाललोय’ म्हणतं.