अध्यापन-मार्गदर्शनातील पायाभूत वर्गनोंदी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
शिक्षकाच्या वर्गात जाऊन, त्याच्या सहकार्याने अध्यापनात सुधारणा घडवून आणण्याच्या प्रक्रियेस अध्यापन-मार्गदर्शन अर्थात इन्स्ट्रक्शनल कोचिंग असे संबोधले जाते. क्राफ्ट, ब्लेझर व होगन यांनी २०१८ मध्ये ६० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात या प्रक्रियेचा अध्यापनावरील परिणाम ०.४९ प्रमाण विचलन, तर विद्यार्थ्यांच्या संपादनावरील परिणाम ०.१८ प्रमाण विचलन इतका आढळला. या तफावतीची कारणे अनेक असू शकतात. तथापि मार्गदर्शनाच्या प्रारंभी वर्गातील नेमक्या कोणत्या गोष्टीची नोंद घेतली जाते, हा प्रश्न त्यातून अपरिहार्यपणे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या पायाभूत नोंदींची चिकित्सा केली आहे.

साधनाची मर्यादा :
आपल्याकडील बी.एड. अभ्यासक्रमातून परिचित असलेली फ्लँडर्स यांची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. तिच्या दहा प्रवर्गांपैकी सात शिक्षकाच्या व दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्यासाठी आहेत. दहावा प्रवर्ग 'शांतता अथवा गोंधळ' असा आहे. म्हणजेच प्रश्न विचारल्यानंतर विद्यार्थी विचार करीत असताना पसरलेली शांतता आणि वर्गातील गलबला यांची नोंद एकाच अंकाने होते. मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये मांडलेले निष्कर्ष येथे महत्त्वाचे ठरतात. प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढविल्यास विद्यार्थ्यांची उत्तरे दीर्घ होतात व निरुत्तर राहण्याचे प्रमाण घटते, असे त्यांना आढळले. जी शांतता अध्ययनास पोषक आहे, तीच या साधनाच्या नोंदीत वेगळी ओळखता येत नाही. साधन निवडण्यापूर्वी प्रश्न निश्चित करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

संख्येचा आभास :
दर तीन सेकंदांनी एक याप्रमाणे ४५ मिनिटांच्या तासिकेत ९०० नोंदी होतात. ही संख्या भरघोस वाटते; परंतु नमुना म्हणून पाहता तासिका एकच असते. उजळणीची, प्रयोगाची अथवा परीक्षेपूर्वीची तासिका स्वभावतःच भिन्न असते. गेट्स प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने २००९ ते २०१२ या काळात अमेरिकेत राबविलेल्या प्रभावी अध्यापन मापन प्रकल्पातही एकापेक्षा अधिक तासिका आणि एकापेक्षा अधिक निरीक्षक असल्यास निरीक्षणाची विश्वसनीयता वाढते, असे दिसून आले. एका तासिकेवरून काढलेली आधाररेषा ही वस्तुतः रेषा नसून बिंदू आहे.

नोंदींची मालकी :
जिम नाइट यांनी आपल्या मांडणीत शिक्षकाने स्वतःच्या तासिकेचे चित्रीकरण पाहून वास्तव जाणून घ्यावे व त्यानंतर विद्यार्थिकेंद्री ध्येय ठरवावे, असा आग्रह धरला आहे. शिक्षकाचा स्वेच्छेने सहभाग हे या मांडणीचे बलस्थान होय. मात्र एकाच चित्रीकरणावर विसंबल्यास वरील आक्षेप तिलाही लागू पडतो. शिवाय जेथे हीच नोंद वरिष्ठांच्या हाती जाऊन मूल्यमापनाच्या कामी येते, तेथे शिक्षक नेहमीचा तास न घेता दाखविण्याजोगा तास घेतो. परिणामी आधाररेषा मुळातच उंचावते आणि पुढील खरी प्रगतीही कागदावर शून्य दिसू शकते. गोपनीयता हा येथे केवळ सौजन्याचा भाग उरत नाही. ती विदेच्या सप्रमाणतेची पूर्वअट ठरते.

निष्कर्ष :
पायाभूत नोंदी तटस्थ असतात, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. शिक्षकाने आपला प्रश्न प्रथम ठरवावा, त्यास अनुरूप साधन निवडावे, किमान दोन-तीन भिन्न स्वरूपाच्या तासिकांच्या नोंदी घ्याव्यात आणि त्या मूल्यमापनाच्या कागदपत्रांपासून अलग ठेवाव्यात. शिक्षक किती बोलला याबरोबरच विद्यार्थ्याला विचार करण्यास किती अवकाश मिळाला, याचीही नोंद झाली तरच मार्गदर्शनाचा लाभ विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढेल.