अनुदान की देणं?

साडेबारा टक्के भूखंड ही सरकारची मेहेरबानी, असं न्हावा शेव्यात कुणी म्हणेल का? १९८४ साली त्या लढ्यात माणसं गेली. घेतल्याचा तो मोबदला. मग बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयासारख्या संस्थांना शासन देतं ते मात्र ‘अनुदान’! नियम सर्वांना सारखा, हे उत्तर ठरलेलं. पण ज्यांना पिढ्यानपिढ्या शाळेबाहेर ठेवलं, त्यांच्या कॉलेजला सारखा नियम पुरतो का? अमेरिकेत मेरीलँडमधल्या चार कृष्णवर्णीय विद्यापीठांसाठी २००६ साली खटला भरला गेला. राज्याने केलेल्या अन्यायाची भरपाई मागितली. २०२१ साली ५७.७ कोटी डॉलर मान्य झाले. आपल्याकडे, मंडळी, अजून हिशेबाची वहीच उघडलेली नाही.