'स्मृतिचित्रे'मधील निराशा आणि ख्रिस्ती श्रद्धा : एक पुनर्विचार

लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी समीक्षेने त्याची वाखाणणी केली ती मुख्यतः दोन गुणांसाठी. एक त्यातील निर्विष विनोद आणि दुसरा त्यातील घरगुती, बोलती भाषा. ख्रिस्ती वाचकवर्गाने मात्र हा ग्रंथ धर्मांतरितेची साक्ष म्हणून जपला. दोन्ही वाचने आपापल्या परीने खरी आहेत. तथापि, एक प्रश्न दोन्हींतून निसटतो. मनुष्य खचलेला असताना श्रद्धा त्याला बळ देते असे सर्रास म्हटले जाते. पण ती नेमके काय देते, केव्हा देते आणि कोणत्या मार्गाने देते? या प्रश्नाकडे मराठीत इतक्या निःसंकोचपणे पाहणारा दुसरा ग्रंथ क्वचितच आढळेल. प्रस्तुत लेखात याच अंगाने 'स्मृतिचित्रे'चा विचार केला आहे.

आरंभीच एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या निराशेचे कारण ख्रिस्ती श्रद्धा हेच होते. १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात नारायण वामन टिळकांना एका युरोपियन सहप्रवाशाने बायबल दिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या बाजूने पाहिले तर ही एका शोधाची सांगता होती. पत्नीच्या बाजूने पाहिले तर नवरा जिवंत असून संसार संपला होता. जातीच्या दृष्टीने तिची अवस्था धड सवाष्णीची नाही आणि धड विधवेचीही नाही, अशी झाली. जो विश्वास एकाला उभा करतो तोच दुसऱ्याला जमीनदोस्त करतो, हे सत्य धर्मांतराच्या कथनांत सहसा पुसट केले जाते. लक्ष्मीबाई ते पुसट करीत नाहीत. ग्रंथलेखनाच्या वेळी त्या स्वतः तीन दशकांहून अधिक काळ ख्रिस्ती होत्या, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या प्रामाणिकपणाचे मोल अधिकच कळते.

१८९५ नंतरच्या विरहाच्या वर्षांचे चित्रण या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहे. या काळात लक्ष्मीबाईंचे वास्तव्य पंढरपुरातही होते. सोबतीला लहानगा दत्तू, भोवती नातलग आणि गाव विठ्ठलाचे. भक्तिसाहित्याच्या संकेतानुसार येथे सांत्वनाची सर्व सामग्री सिद्ध आहे. परंतु लेखिका तसे काही घडल्याचे दाखवीत नाही. ना विठ्ठलाने धीर दिल्याचे वर्णन, ना पुढे भेटणाऱ्या ख्रिस्ताची आधीच पडलेली चाहूल. निवांतपणे मागे वळून पाहणाऱ्या धार्मिक आत्मचरित्रकाराला हा दुसरा मोह आवरणे फार कठीण जाते. दुःखाच्या प्रत्येक वळणावर ईश्वरी योजनेची खूण उमटवली की कथन कसे घट्ट विणले जाते! लक्ष्मीबाईंनी ते वस्त्र विणले नाही. त्या काळातील अंधार त्यांनी अंधारच ठेवला आहे. त्यांच्या हातून या दिवसांत पद्यरचना झाली ती दुःखाला वाट करून देणारी. तिच्यात तोडगा नाही. निराशेला नंतरच्या श्रद्धेच्या उजेडात न्हाऊ घालायचे नाही, हा संयमच या भागाला विश्वासार्ह करतो.

मग बळ आले कोठून? याचे उत्तर ग्रंथात अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे स्वयंपाकघरात, सापडते. कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. एका छपराखाली दोन धर्म आणि शिवाशिवीच्या वेगळ्या व्यवस्था नांदू लागल्या. पुढे जातिभेद ही देवाची करणी की माणसाची, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला आणि अन्नपाण्याचा विटाळ टाकून दिला. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी सोवळे सुटले, मग ख्रिस्तावरील विश्वास दृढ झाला आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मतांतर हे आचारांतराच्या मागून आले.

या घटनेचा पूर्ण अर्थ लागतो तो ग्रंथाच्या प्रारंभीच्या प्रकरणांशी ती जोडून पाहिली तरच. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून येणारी वस्तू धुऊन घेण्याच्या त्यांच्या हट्टापायी अवघे घर वेठीस धरले गेले. वाचक या प्रसंगांना मनमुराद हसतो आणि पुढे जातो. समीक्षकही बहुधा तेवढ्यावरच थांबले आहेत. वस्तुतः येथे एका भयाचा वारसा सांगितला आहे. जग अपवित्र आहे, स्पर्श धोक्याचा आहे, सुरक्षित राहायचे तर धूत राहिले पाहिजे, अशा समजुतीत वाढलेली मुलगी चाळिशीच्या आत ते ओझे उतरवून ठेवते. लक्ष्मीबाईंना श्रद्धेने पहिल्यांदा काही दिले असेल तर ते सांत्वन नव्हे, निर्भयता होय. सांत्वन दुःखाच्या जागी काहीतरी आणून ठेवते. निर्भयतेने तसे काही होत नाही. दुःख असते तेथेच राहते, फक्त माणसाला हालचाल करता येते.

याच संदर्भात पंडिता रमाबाईंच्या 'माझी साक्ष'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. रमाबाईंनी भोगलेले दुःख कोणत्याही मापाने अधिक होते. दुष्काळात आईवडील व बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, असे एकेक माणूस त्यांनी गमावले. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र आणखी काही वर्षांनी भेटला, असा भेद त्या स्वतःच करतात. हा भेद मार्मिक आहे. परंतु 'साक्ष' या वाङ्मयप्रकाराची एक सक्ती असते. तिला 'पूर्वी' आणि 'नंतर' यांच्यामधली रेघ ठळक लागते. रमाबाई ती रेघ ओढतात, कारण श्रोत्याला त्या पलीकडच्या तीरावर बोलावीत आहेत. लक्ष्मीबाई कोणालाच बोलावीत नाहीत. म्हणून त्यांच्या ग्रंथात 'नंतर'च्या काळातही चिडचीड, भांडणे, पैशाची ओढाताण आणि अपत्यवियोगाची जुनी जखम हे सारे तसेच चालू राहते. अर्थात या तुलनेवरून रमाबाईंचे लेखन उणे ठरविणे अन्यायाचे होईल. दोघींची प्रयोजने भिन्न आहेत.

टिळकांचा मार्ग आणखी निराळा. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते मानीत आणि त्यांच्या अभंगांत ख्रिस्ताला माउली म्हणून घातलेली साद वारकरी परंपरेतूनच आली आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीला दुःखात आळवण्यासाठी स्वतःची भाषा मिळाली ती बरीचशी या रचनांमुळे. परदेशी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांत जो परकेपणा होता तो त्यांनी घालविला. मात्र 'स्मृतिचित्रे' वाचताना या काव्याची दुसरी बाजूही दिसते. हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा, मनात येईल तेव्हा घराबाहेर पडणारा हा भक्त ज्या देवावर भार टाकतो, तो भार प्रत्यक्षात पुष्कळदा पत्नीच्या खांद्यावर येतो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला, त्या वृत्तीची मुळे संसाराच्या अशा असंख्य प्रसंगांत आहेत. लेखिका याबद्दल तक्रार करीत नाही आणि पतीला संतपदी बसवून त्याच्यावर पांघरूणही घालीत नाही. ती हिशेब मांडते आणि हसते.

या हसण्याविषयी मात्र सावधपणे बोलायला हवे. विनोद हेच लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचे रूप होय, असे म्हणणे सोपे व आकर्षक आहे. पण विनोद हा झाकण्याचाही एक प्रकार असतो. प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या मनात काय चाले, ईश्वराशी त्यांचे कधी भांडण झाले काय, यांविषयी ग्रंथ फार थोडे सांगतो. स्तोत्रसंहितेतील कर्त्याप्रमाणे देवाला जाब विचारणारा स्वर येथे शोधू गेल्यास वाचकाची निराशा होईल. ही ग्रंथाची मर्यादा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. आत काय चालले आहे हे न सांगता हातांनी काय केले एवढेच सांगणे, ही त्या पिढीतील स्त्रीची सवयही असू शकेल. दुष्काळातील निराधार मुले घरात घेणे, नगरला प्लेगच्या छावणीत रोग्यांमध्ये वावरणे, असे प्रसंग त्या रोजच्या कामांच्या यादीत सांगाव्यात तशा ओघात सांगून टाकतात. एके काळी परक्या स्पर्शाने धास्तावणारी हीच स्त्री होती, हे वाचकाने आपणहून आठवायचे असते. लेखिका आठवण करून देत नाही.

ग्रंथाच्या दोन इंग्रजी अनुवादांची शीर्षके या चर्चेत उद्बोधक ठरतात. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० च्या अनुवादाला 'आय फॉलो आफ्टर' असे नाव दिले. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आपण अजून पूर्णत्वास पोहोचलेलो नसून मागे धावत आहोत असे सांगतो, तेथे जुन्या इंग्रजी बायबलात हेच शब्द येतात. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाचे उपशीर्षक एका तेजस्वी, मानी पत्नीच्या आठवणींचा निर्देश करते. पहिल्या शीर्षकात पतीमागून जाणारी स्त्री आणि ख्रिस्तामागून जाणारी भक्त असे दोन्ही अर्थ मिसळले आहेत. दुसऱ्यात श्रद्धा दिसेनाशी झाली आहे. मूळ शीर्षक यांपैकी कोणतीच बाजू घेत नाही. ते केवळ चित्रे असल्याचे सांगते.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांनी हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरेच राहिले होते. लग्न झाले तेव्हा ज्यांचे अक्षरज्ञान बेताचेच होते, अशा लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि त्यातील बहुसंख्य अध्याय त्यांच्या हातचे आहेत. ज्या नावामुळे १८९५ मध्ये त्यांचे घर मोडले होते, त्याच नावाचे चरित्र त्या म्हातारपणी ओवीमागून ओवी रचीत लिहीत होत्या.