स्वतःस पाठविलेला संकेत

युनिक्स प्रणालीत प्रोसेसला संकेत पाठवावयाचा तो ‘किल’ ह्या सिस्टिम कॉलने. नाव मारण्याचे असले, तरी पुष्कळदा तो नुसता निरोपच पोचवितो. परंतु प्रोसेस स्वतःसच संकेत पाठविते तेव्हा त्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न बहुधा उपेक्षित राहतो. हवे ते फंक्शन सरळ बोलाविता येत असता हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

ह्याचे उत्तर ‘सिगिंट’ ह्या 2 क्रमांकाच्या संकेतात सापडते. कंट्रोल-सी दाबताच हा संकेत टर्मिनलवर अग्रभागी चाललेल्या सर्व गटास मिळतो. म्हणजे स्क्रिप्ट चालविणाऱ्या बॅश शेललाही व त्याने सुरू केलेल्या प्रोग्रामलाही. बॅश तत्काळ थांबत नाही. अपत्य-प्रोसेसचा शेवट कसा होतो, हे तो पाहतो. अपत्य संकेतानेच मेले, तर तो स्क्रिप्टही आटोपतो. उलट ते आपण होऊन बाहेर पडले, तर संकेत त्याने स्वतःच्या कामी लाविला असे समजून तो पुढे जातो. हे गृहीत अवास्तव नव्हे. पायथॉनच्या संवादी सत्रात कंट्रोल-सीने चालू गणना थांबते, सत्र संपत नाही.

येथेच एक रूढ लेखनपद्धती आक्षेपार्ह ठरते. सिगिंट अडवावयाचा, तात्पुरत्या फायली पुसावयाच्या आणि ‘एक्झिट 130’ म्हणून निघून जावयाचे, अशी ती पद्धती. 128 मध्ये 2 मिळविले की 130 होतात, व सिगिंटने मेलेल्या अपत्यासाठी बॅशही हाच आकडा दाखवितो. म्हणून लेखक निश्चिंत असतो. वस्तुतः ‘वेट’द्वारा पालकास कळणाऱ्या स्थितीत स्वेच्छेचा शेवट व संकेताने झालेला शेवट ह्यांची नोंद निराळी असते. परिणामी शंभर फायलींवरील आवर्तन थांबवू पाहणाऱ्या मनुष्याची एकच फाईल थांबते, आणि पुढची सुरू होते!

योग्य मार्ग असा, की हँडलरने केवळ एक खूण करावी व साफसफाई मुख्य प्रवाहात व्हावी. कारण हँडलर ‘मॅलॉक’च्या ऐन मध्यावरही येऊन ठेपू शकतो, आणि तेथून पुन्हा मॅलॉकला बोलाविणे धोक्याचे असते. मग संकेताची मूळ व्यवस्था परत लावून तोच संकेत ‘रेझ’ने स्वतःस पाठवावा. (1979 च्या सातव्या आवृत्तीत ही मूळ व्यवस्था प्रणाली स्वतःच, हँडलर सुरू होतानाच, परत लावीत असे, त्या फटीत दुसरा संकेत आला की प्रोग्राम अकारण मरे. 1983 च्या 4.2 बीएसडीने हा दोष काढिला, व 1988 च्या पॉझिक्सने ‘सिगॲक्शन’ प्रमाण ठरविले.)

अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रामात रेझ व किल ह्यांत भेद पडतो. रेझचा संकेत बोलाविणाऱ्या थ्रेडलाच मिळतो. किलचा संपूर्ण प्रोसेसला, व तो न रोखणारा कोणताही थ्रेड तो घेऊ शकतो. सिगिंटने मरावयाचे असेल तर हा भेद गौण आहे, कारण मूळ व्यवस्थेनुसार सगळी प्रोसेसच संपते. ज्या संकेतास हँडलर नेमलेला आहे, त्याच्या बाबतीत मात्र तो निर्णायक ठरतो.