शिटी, तार आणि कुतूहल

अमेरिकेतील दूरध्वनीच्या जाळ्यात शिरणाऱ्या मुलांची गोष्ट बहुधा एका शिटीपासून सुरू होते. नाश्त्याच्या खाऊच्या खोक्यात मिळणाऱ्या त्या खेळण्यातून २६०० हर्ट्झचा सूर निघे आणि लांब पल्ल्याचे फोन फुकट होत. गोष्ट रंजक खरी, पण तिच्यात विज्ञान हरवते. फिल लॅप्सली यांचे 'एक्सप्लोडिंग द फोन' (२०१३) हे इंग्रजी पुस्तक ही उणीव भरून काढते.

लॅप्सली शिटीपेक्षा तारेकडे अधिक लक्ष देतात. ए. टी. अँड टी. कंपनीच्या रचनेत बोलणे आणि यंत्रांना द्यायचे संकेत एकाच मार्गाने जात. दोन केंद्रांमधील मार्ग मोकळा असला की त्यावर २६०० हर्ट्झचा सूर चालू असे. बोलणे चालू असताना कोणी हाच सूर काढला, तर पलीकडच्या यंत्राला वाटे, फोन ठेवला गेला. सूर थांबताच ते नव्या क्रमांकाची वाट पाही. क्रमांकातील प्रत्येक अंक म्हणजे सहा ठरावीक सुरांपैकी दोन एकदम. सहांतून दोन निवडण्याचे प्रकार पंधरा, म्हणजे दहा अंकांना पुरून उरणारे. गंमत अशी, की ही माहिती 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल'च्या नोव्हेंबर १९६० च्या अंकात कंपनीनेच छापली होती. राल्फ बार्कले या विद्यार्थ्याने ती वाचून सूर काढणारी पेटी बनवली. जन्मांध जो एन्ग्रेसियाला तर पेटीही लागली नाही. तो लहानपणापासून तोंडानेच अचूक सूर काढी.

पुस्तकात एक गोष्ट मात्र खटकते. सट्टेबाजही अशा पेट्या वापरत, हे लेखक सांगतात, पण त्यांचा जीव मुलांवर जडला आहे. त्यामुळे कुतूहल कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते, याचा विचार वाचकालाच करावा लागतो. कंपनीने मुलांना पकडले, तरी रचनेतील दोष तसाच राहिला. १९७६ पासून संकेतांसाठी वेगळा मार्ग वापरात येऊ लागला, तेव्हा कुठे तो दूर होऊ लागला.

ध्वनीचे प्रकरण शिकवताना ही हकीकत वर्गात जरूर सांगावी. मग विचारावे: एन्ग्रेसियाची शिटी आणि सट्टेबाजाची पेटी यांत फरक कोणता? मुलांची उत्तरे ऐकल्यावर, शाळेच्या उपकरणातील चूक शोधणाऱ्या विद्यार्थ्याशी आपण कसे वागतो, हेही आपण स्वतःला विचारावे.