पहिलटकरणीचें हंसूं

घरांत ज्या गोष्टीवर पोट धरून हंसावें, तीच ग्रंथांत आली कीं तिला सोवळें नेसवावें, ही आपल्या वाङ्मयाची जुनी खोड आहे. पहिलटकरणीची धास्ती हा असाच एक विषय. बुलढाणा जिल्ह्यांत चिखलीस आमच्या स्नेह्यांच्या घरीं मध्यंतरीं डोहाळजेवण होतें. दोन वाट्या पालथ्या घातल्या होत्या; एकीखालीं पेढा, दुसरीखालीं बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळ वाचकांच्या परिचयाचा आहे. गर्भारशीनें दोन्ही वाट्या एकदम उचलल्या आणि "मला भूक लागली आहे," असें म्हणून पेढा व बर्फी दोन्ही तोंडांत टाकलीं. मोठा हंशा पिकला. रात्रीं मात्र तिनें आजीला हळूच विचारलें, "आजी, कळा सुरू झाल्या हें मला समजेल ना गं? कीं झोपेंतच राहून जाईल?" आजी म्हणाली, "अगं बाई, तुलाच काय, साऱ्या आळीला समजेल!" पुन्हा हंसणें झालें, पण पहांटेपर्यंत मुलीनें आपला हात सोडला नाहीं, असें आजीनेंच आम्हांस सांगितलें.

तें हंसूं आणि तो न सोडलेला हात हीं एकाच प्रसंगाचीं दोन अंगें आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आपल्या वाङ्मयानें गर्भारशीच्या इच्छा पुष्कळ लिहिल्या. तिची भीति फारशी लिहिली नाहीं. आणि त्या भीतीला बोलतें करणारें तिचें हंसूं तर जवळजवळ लिहिलेंच नाहीं.

प्रथम वैद्यकच घ्या. चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून स्त्रीला 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, म्हणावें असें सुश्रुताच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे. कल्पना मोठी काव्यमय. परंतु तिच्या शेजारींच ताकीद आहे कीं, इच्छा पुरविली नाहीं तर मूल कुबडें, लंगडें किंवा ठेंगू निपजेल. शिवाय म्हशीच्या मांसाची वासना झाल्यास मूल शूर, तांबड्या डोळ्यांचें व केसाळ; घोरपडीच्या मांसाची झाल्यास झोपाळू, अशी यादीहि आहे. आतां बिचाऱ्या पहिलटकरणीनें करावें काय? मध्यरात्रीं चिंच आठवली आणि मिळाली नाहीं, तर मुलाच्या पाठीची काळजी. ग्रहणांत चुकून भाजी चिरली, तर त्याच्या ओठाची काळजी. ग्रहणाचा आणि फाटलेल्या ओठाचा कांहींएक संबंध नाहीं, हें आज शिकलेल्या घरांत सर्वांस ठाऊक असतें. तरी विळी मात्र त्या दिवशीं उंच फळीवर जाते! धीर द्यावयास जावें आणि काळजीचें गांठोडें हातीं ठेवून यावें, ह्यांतील विनोद शास्त्रकारांना दिसला नाहीं. बायकांना तो केव्हांच दिसला आहे.

कवींची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत सुदक्षिणा माती खाते, आणि तिच्या मुखाचा तो मृद्गंध घेतांना दिलीप राजाची तृप्ति होत नाहीं. चित्र मनोहर आहे, यांत शंका नाहीं. पण राणीला माती कां खावीशी वाटली? तिचा पुत्र पुढें पृथ्वीचा उपभोग घेणार म्हणून, असें कवि सांगतो. म्हणजे आईच्या जिभेची चवहि मुलाच्या खात्यावर जमा! त्याच काव्याच्या चौदाव्या सर्गांत गंगातीरींचीं तपोवनें पाहावीं असा डोहाळा सीता सांगते, आणि तोच तिच्या त्यागाचें निमित्त होतो. इतकें पाहिल्यावर मनांतलें मोकळेपणानें बोलावयास कोणती गर्भारशी धजेल?

आतां पुन्हा बुलढाणा जिल्ह्यांत येऊं. सिंदखेडराजा हें जिजाबाईंचें माहेर. शिवाजीमहाराजांच्या वेळीं त्यांना गड चढावे, शस्त्रें धरावीं, सिंहासनावर बसावें असे डोहाळे लागल्याचें उत्तरकालीन बखरींपासून आजच्या व्याख्यानांपर्यंत रंगवून सांगितलें जातें. त्यामागील भक्तीविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु ज्येष्ठ पुत्र संभाजी ह्याच्या वेळीं, म्हणजे त्या खरोखर नवख्या असतांना, त्यांना काय वाटलें असेल, याची विचारपूस कोणी केलेली आमच्या वाचनांत नाहीं. महाराजांचा जन्म शिवनेरीस १९ फेब्रुवारी १६३० रोजीं झाला. त्यापूर्वीं जुलै १६२९ मध्यें दौलताबादेस लखुजी जाधवराव आणि त्यांचे पुत्र यांचा निजामशाही दरबारांत घात झाला. पोटांत बाळ आणि माहेरीं असा आकान्त! ज्या बाईनें ते दिवस काढले, तिला काल्पनिक डोहाळ्यांची भर कशाला पाहिजे?

गंमत अशी कीं, ही उणीव भरून काढण्यास लागणारे दोन गुण ह्याच जिल्ह्यानें मराठीला दिले आहेत. पहिला गुण धिटाईचा. सुरतेकडील विजयलक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेला १८८१ सालीं बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली व पुढें ती सौम्य करण्यांत आली. त्या खटल्यानिमित्त उसळलेल्या स्त्रीनिंदेनें संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. जिच्या गर्भारपणाला ओटी नाहीं, वाट्या नाहींत, केवळ भीतिच आहे, अशा स्त्रीची बाजू त्यांनीं घेतली. दुसरा गुण विनोदाचा. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ह्याच जिल्ह्यांत जळगांव-जामोद येथें वकिली करीत. सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या ह्यांनीं रूढींची जी रेवडी उडविली, तिनें मराठी विनोद वयांत आला. परंतु तो पुरुषांच्या बैठकीचा विनोद आहे, बाळंतिणीच्या खोलीचा नव्हे. आणि ताराबाईंच्या लेखणीला संतापापुढें हंसावयास उसंत नव्हती. दोन्ही गुण एका हातीं आले नाहींत.

ते एका हातीं येऊं शकतात, हें लक्ष्मीबाई टिळकांनीं दाखविलें. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त मीठसुद्धां धुवून घेणाऱ्या वडिलांचें सोवळें त्या असें सांगतात कीं, वाचक हंसतो आणि मग त्या घरांतल्या लेंकरांच्या हालांनीं चरकतो. पहिलटकरणीचें वर्णन ह्याच रीतीनें व्हावयास पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढ्या गंभीर विषयांत हंसें कशाला? आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं आई झाल्या आणि त्यांचें मूल दहा दिवसांत गेलें. १८८६ सालीं फिलाडेल्फियास वैद्यकीय पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधासाठीं आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. हें दुःख आम्ही विसरत नाहीं. उलट, भीति इतकी खरी आहे म्हणूनच ती थट्टेच्या वाटेनें बाहेर येते. जी मुलगी "झोपेंत राहून जाईल का?" असें विचारते, तिला "मी वांचेन ना?" असें विचारावयाचें असतें. आजीला तें कळतें, म्हणून ती विनोदानें उत्तर देते आणि हात देते. टीकाकारांना तें कळलें, तर ह्या बोलण्याला ते बायकी गप्पा म्हणून बाजूला सारणार नाहींत.

चिखलीची ती मुलगी आतां सुखरूप आई झाली आहे. कळा भर दुपारीं सुरू झाल्या, आणि आळीच्या आधीं तिलाच समजल्या, असें आजी सर्वांना सांगत असते. ही कथा स्वतः त्या मुलीनें लिहावी, अशी आमची तिला विनंती आहे.